एकेक रुग्ण मोजला म्हणून: जपान, त्याचे 47 प्रांत आणि गोवर

2001 साली जपानमध्ये किती जणांना गोवर झाला, याचे नेमके उत्तर सरकारदप्तरीही नाही. आहे तो अंदाज: सुमारे 2 लाख 80 हजार. आरोग्यसेवेत जगात पुढे असलेला देश, शिकलेसवरलेले आईबाप, 1978 पासून सरकारी लसीकरणात गोवराची लस, आणि तरीही रुग्ण लाखांच्या घरात, तेही अंदाजाने. त्यानंतर चौदा वर्षांनी, 27 मार्च 2015 रोजी, जपानमधला स्थानिक गोवर संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. त्या वर्षी देशभरात गोवराचे 35 रुग्ण आढळले. त्यातल्या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होती.

या चौदा वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. एक, मुलांना लसीचा दुसरा डोस मिळू लागला. दुसरी, गोवर मोजण्याची रीत पार पालटली. पहिल्या बदलाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याकडे मात्र कारकुनी काम म्हणून पाहिले जाते. जपानचा अनुभव नीट पाहिला तर लक्षात येते की ही मोजणी हाच उपचाराचा अर्धा भाग होता, आणि तो दिल्ली-टोकियोच्या पातळीवर नव्हे, प्रांताच्या आणि तालुक्याच्या पातळीवर करावा लागतो. महाराष्ट्राने 2022 मध्ये जे सोसले, ते पाहता हा अनुभव आपल्या कामाचा आहे.

जुने वैर

गोवर जपानला नवा नव्हता. जुन्या काळी हा आजार वीस-पंचवीस वर्षांनी एखादी मोठी लाट घेऊन यायचा आणि मधल्या काळात जन्मलेल्या सगळ्यांना गाठायचा. त्यामुळे मुलांबरोबर तरणीताठी माणसेही दगावत. देवी माणसाचे रूप ठरवते आणि गोवर त्याचे आयुष्य ठरवतो, अशी म्हणच तिथे होती. 1862 साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, फार मोठी साथ आली. तेव्हा लाकडी ठशांची रंगीत चित्रे घरोघर विकली गेली. गोवर आल्यावर काय खावे, काय टाळावे, कोणत्या देवाला साकडे घालावे, हे त्या चित्रांवर छापलेले असे. आजार काय करतो हे लोकांना ठाऊक होते. किती जणांना झाला आणि कुठून आला हे कळण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

नमुन्यावरची मोजणी

एप्रिल 1999 मध्ये संसर्गजन्य आजारांचा नवा कायदा लागू झाला. त्यात गोवर मोजण्याची पद्धत अशी: देशभरातले सुमारे 3,000 बालरोग दवाखाने निवडायचे. त्यांनी आठवड्याला गोवराचे किती रुग्ण पाहिले ते होकेन्जोला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्य केंद्राला, कळवायचे. तिथून आकडा प्रांताकडे आणि प्रांताकडून टोकियोतल्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे. मोठ्या माणसांच्या गोवरासाठी सुमारे 450 रुग्णालयांची वेगळी यादी. रुग्णाचे नाव नाही, राहण्याचे ठिकाण नाही.

फ्लूसारख्या आजाराला एवढे पुरते. लाट चढते आहे की उतरते आहे, हे कळले की काम भागते. गोवराला ते पुरत नाही. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग चालू झालेला असतो. इथे आठवड्याची बेरीज कळून उपयोग नाही. पहिला रुग्ण कोण, हे त्याच दिवशी कळावे लागते.

त्यात लसीकरणाचा पाया डळमळीत झाला होता. 1989 मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आली. तिच्यातल्या गालगुंडाच्या घटकामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाला सूज येऊ लागली आणि 1993 मध्ये ती बंद करावी लागली. लसींच्या दुष्परिणामांबद्दलचे खटले सरकार हरले. 1994 मध्ये कायदा बदलून लसीकरण सक्तीचे न राहता आईबापांच्या प्रयत्नांवर सोडले गेले, आणि शाळेत रांगा लावून टोचण्याऐवजी दवाखान्यात जाऊन घेण्याची पद्धत आली. धास्तावलेले पालक लस लांबणीवर टाकू लागले. 2001 ची साथ ही त्याची किंमत होती.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी त्यावर सुंदर मोहीम काढली: पहिल्या वाढदिवसाला बाळाला गोवराच्या लसीची भेट द्या. ती यशस्वी झाली. एक वर्षाच्या मुलांचे लसीकरण वाढले, बालरोग दवाखान्यांतले आकडे झपाट्याने घटले, आणि देशाचा आलेख दिलासादायक दिसू लागला. पण एकाच डोसावर वाढलेली आणि अजिबात लस न घेतलेली मुले तोवर कॉलेजात पोहोचली होती. शंभरातल्या पाचेक जणांना पहिला डोस लागूच होत नाही. आजूबाजूला गोवर कमी झाल्यामुळे नैसर्गिक प्रतिकारशक्ती मिळण्याचीही संधी उरली नव्हती.

2007 च्या वसंतात याच वयोगटात साथ भडकली. वासेदा, सोफिया, होसेई अशा नामांकित विद्यापीठांना वर्ग बंद ठेवावे लागले. लस आणि तपासणीचे संच यांचा तुटवडा पडला. विशीतला विद्यार्थी बालरोगतज्ज्ञाकडे जात नाही. त्यामुळे मोजणी जिथे चालू होती तिथे रुग्ण नव्हते, आणि रुग्ण जिथे होते तिथे मोजणी विरळ होती. त्याच वर्षी कॅनडाला सहलीला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना गोवरामुळे तिथे अलग ठेवावे लागले. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल स्पर्धेसाठी गेलेल्या एका जपानी खेळाडूपासून तीन राज्यांत रुग्ण निघाले. गोवर निर्यात करणारा देश, असा ठपका जपानवर आला आणि तो तिथे जिव्हारी लागला.

ओकिनावाने आधी केले

या सगळ्याचे उत्तर देशाच्या दक्षिण टोकाला आधीच सापडले होते. ओकिनावा हा बेटांचा प्रांत, राजधानीपासून दीड हजार किलोमीटर दूर. तिथे 1998-99 च्या साथीत दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि 8 मुले दगावली. 2001 मध्ये आणखी एक मूल गेले. या नऊ मुलांना लस मिळालेली नव्हती.

ओकिनावाने हे नशिबावर सोडले नाही. बालरोगतज्ज्ञ, होकेन्जो, प्रांताचे आरोग्य खाते आणि गावोगावच्या पालिका यांची ‘गोवर शून्य’ प्रकल्प समिती 2001 मध्ये उभी राहिली. लसीकरण वाढवणे हे तिचे एक काम होते. दुसरे त्याहून वेगळे होते. जानेवारी 2003 पासून प्रांतातल्या प्रत्येक डॉक्टरने गोवराचा प्रत्येक रुग्ण, अगदी संशयितसुद्धा, ताबडतोब होकेन्जोला कळवायचा असे ठरले. नमुना प्रांताच्याच प्रयोगशाळेत जायचा आणि तिथे विषाणूची जनुकीय तपासणी व्हायची. एक रुग्ण पक्का झाला की यंत्रणा हलायची. दुसऱ्याची वाट पाहायची नाही.

देशाचा कायदा नमुन्यावरची मोजणी सांगत असताना एका प्रांताने स्वतःहून प्रत्येक रुग्ण मोजायला घेतला. हे राष्ट्रीय पातळीवर यायला आणखी पाच वर्षे लागली. सार्वजनिक आरोग्यात राज्याने केंद्राच्या परिपत्रकाची वाट पाहायची नसते, हे सांगणारे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

1 जानेवारी 2008 नंतर

2006 मध्ये दोन डोसांची पद्धत आली: पहिला एक वर्षाचे झाल्यावर, दुसरा प्राथमिक शाळेत जाण्याआधीच्या वर्षात, दोन्ही गोवर-रुबेलाच्या एकत्रित लसीचे. डिसेंबर 2007 मध्ये सरकारने गोवर निर्मूलनाचे धोरण जाहीर केले. 1 जानेवारी 2008 पासून गोवराचा प्रत्येक रुग्ण कळवणे देशभर बंधनकारक झाले.

डॉक्टर जो नोंदणीचा कागद भरतो, त्याच्याकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाचे वय आणि लिंग, ताप कधी आला, पुरळ कधी उठले, निदान कशावरून केले, संसर्ग कुठे झाला असावा, देशात की परदेशात. मग लसीचा इतिहास: डोस किती, कधी, कोणत्या कंपनीचा, कुपीचा बॅच क्रमांक कोणता. 2015 पासून नाव आणि पत्ताही लागतो, आणि आठवड्याची मुदत जाऊन ‘ताबडतोब’ हा शब्द आला. या एका कागदावरून होकेन्जोचा माणूस फोन उचलतो आणि विचारू लागतो: पुरळ उठण्याआधीच्या चार दिवसांत कुठे गेला होता, कोणासोबत जेवला, कोणत्या गाडीने आला? संपर्कात आलेल्या माणसाला 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. पुढची सगळी धावपळ या 72 तासांसाठी असते.

पहिल्या वर्षी 11 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. कानागावा या एकट्या प्रांतात तीन हजारांच्या वर, होक्काइदो आणि टोकियोत प्रत्येकी हजाराच्या वर, तर कित्येक प्रांतांत मोजकेच. म्हणजे जपानचा गोवर हा सगळीकडचा सारखा प्रश्न नव्हताच. काही प्रांतांत तो दाटून राहिला होता. देशाच्या सरासरीत हे कधी दिसले नसते. दर आठवड्याला प्रांतवार तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. 13 आणि 18 वर्षांच्या मुलांसाठी 2008 ते 2013 अशी पाच वर्षे राहिलेला डोस देण्याची मोहीम चालली आणि तिचेही आकडे प्रांतवार जाहीर होत. कोणता प्रांत वर, कोणता खाली, हे वर्तमानपत्रांत येई. 18 वर्षांच्या गटात टोकियो, कानागावा, ओसाका ही श्रीमंत महानगरे मागे असल्याचे त्यातून सगळ्यांसमोर आले. 2009 मध्ये देशातले रुग्ण सातशेच्या घरात आले. 2012 मध्ये ते तीनशेच्या आत होते.

खरा गोवर कोणता?

रुग्ण कमी होऊ लागले तसा एक नवा पेच उभा राहिला. साथीच्या दिवसांत पुरळ आणि ताप पाहून केलेले निदान बहुधा बरोबर निघते. साथ ओसरली की तेच निदान वारंवार चुकते. रक्तातली प्रतिपिंडे पाहणारी तपासणीही फसवू लागली. पार्वो विषाणू बी 19 मुळे मुलांचे गाल सफरचंदासारखे लाल होतात. असा आजार झालेल्यांची गोवराची तपासणी कधी कधी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येत असल्याचे लक्षात आले. म्हणजे गोवर नसलेली माणसे गोवराच्या खात्यात पडत होती.

2010 च्या अखेरीस आरोग्य मंत्रालयाने प्रांतांना सांगितले की संशयित रुग्णाच्या घशातला स्राव, रक्त आणि लघवी असे नमुने घेऊन जनुकीय तपासणी करावी. प्रांतांच्या आरोग्य प्रयोगशाळा देशभर आधीपासून होत्याच; त्यांच्या खांद्यावर हे काम आले. या तपासणीचा दुसरा लाभ मोठा होता. विषाणूचा जनुकीय प्रकार कळला की तो कुठून आला तेही उमगते. जपानमध्ये मुरलेला प्रकार डी 5 होता. मे 2010 नंतर तो सापडलेला नाही. पुढे मिळालेले विषाणू बाहेरून आलेले होते. 2014 मध्ये रुग्ण पुन्हा साडेचारशेच्या वर गेले, तेव्हा त्यांचा मोठा भाग फिलिपिन्सशी जोडलेल्या बी 3 प्रकाराचा होता. 2015 चे प्रमाणपत्र मिळाले ते या पुराव्यावर. रुग्ण नव्हते म्हणून नव्हे, तर जे रुग्ण होते त्यांची साखळी देशात वर्षभर चालू राहिलेली नाही हे दाखवता आले म्हणून.

बाहेरून येणारा विषाणू

प्रमाणपत्रानंतरची वर्षे अधिक शिकवणारी आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर 33 कर्मचाऱ्यांना गोवर झाला. 2017 मध्ये बालीहून परतलेला एक तरुण यामागाता प्रांतात मोटार शिकायला राहिला आणि तिथून साठेक रुग्ण झाले. मार्च 2018 मध्ये थायलंडला जाऊन आलेला तैवानचा एक पर्यटक ओकिनावात उतरला. त्याच्या एकट्यापासून शंभराच्या आसपास माणसांना संसर्ग झाला. त्यात विशी ते चाळिशीतली माणसे पुष्कळ होती. पर्यटनावर जगणाऱ्या प्रांताने आकडे झाकले नाहीत, ते रोज जाहीर केले. सहली रद्द झाल्या, नुकसान झाले. पण 11 जून 2018 ला साथ संपल्याचे जाहीर करता आले आणि एकही जीव गेला नाही. एकोणीस वर्षांपूर्वीची आठ मुले आठवली की या फरकाचे मोल कळते.

आपल्याशी थेट जोडलेले प्रकरण 2023 चे. एप्रिलमध्ये भारतातून परतलेला इबाराकी प्रांतातला एक माणूस कोबेहून टोकियोला शिंकान्सेनने गेला. नंतर त्याला गोवर असल्याचे निघाले. मे महिन्यात टोकियोत दोन रुग्ण सापडले. दोघेही त्याच गाडीत होते. तीन प्रांत, एक गाडी, तीन माणसे. नाव-पत्ता-प्रवास यांची नोंद नसती तर हे तीन सुटे रुग्ण म्हणून वेगवेगळ्या तक्त्यांत पडून राहिले असते.

न सुटलेले प्रश्न

या व्यवस्थेत सगळे आलबेल आहे असे नाही. चार प्रश्नांवर तिथे अजून खल चालू आहे.

पहिला खासगीपणाचा. प्रांत रुग्णाचे नाव कधीच जाहीर करत नाहीत, पण तो कोणत्या गाडीत, कोणत्या दुकानात, किती ते किती वाजता होता हे जाहीर करतात. संपर्कात आलेल्या अनोळखी माणसांना सावध करण्याचा दुसरा मार्ग नाही. मात्र लहान गावात एवढ्या माहितीवरूनही माणूस ओळखू येतो. किती सांगावे याचा समतोल प्रत्येक प्रांत आपापल्या परीने साधतो, आणि त्यात एकवाक्यता नाही.

दुसरा सौम्य गोवराचा. एक डोस घेतलेल्यांना पुष्कळदा अर्धवट गोवर होतो: ताप कमी, पुरळ थोडे. डॉक्टरला शंका येत नाही आणि रुग्ण नोंदीतून निसटतो. 1972 ते 1990 च्या दरम्यान जन्मलेल्या जपानी पिढीत एकच डोस घेतलेले पुष्कळ आहेत. आज हीच पिढी विमानतळावर, हॉटेलात, रुग्णालयात काम करते.

तिसरा प्रश्न शून्याचा. 2020 मध्ये 10, 2021 आणि 2022 मध्ये सहा-सहा असे रुग्ण नोंदले गेले. सीमा बंद होत्या, हे कारण खरे. पण होकेन्जो कोविडच्या ओझ्याखाली वाकले होते, हेही खरे. शोधलेच नाही तर शून्य आपोआप येते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना विचारते की गोवर असेल म्हणून तपासले आणि नाही असे सिद्ध झाले, असे लोक लाखामागे किमान दोन तरी आहेत का? साडेबारा कोटींच्या जपानसाठी हा आकडा वर्षाला अडीच हजार होतो. शून्यावर विश्वास ठेवायचा तर ‘नाही’ म्हणून निघालेल्या या तपासण्याही मोजाव्या लागतात.

चौथा मनुष्यबळाचा. नव्वदीच्या सुरुवातीला साडेआठशेच्या आसपास असलेली होकेन्जो विलीनीकरणाने पावणेपाचशेच्या आत आली. दुसऱ्या डोसाचे प्रमाणही 95 टक्क्यांच्या अपेक्षेखाली, 92 च्या आसपास घसरले आहे. 2025 मध्ये रुग्ण पुन्हा दोनशेच्या पुढे गेले. मिळवलेली मुक्ती टिकतेच असे नाही: 2007 मध्ये जपानी विद्यार्थ्यांना अलग ठेवणाऱ्या कॅनडाने नोव्हेंबर 2025 मध्ये आपला गोवरमुक्त दर्जा गमावला.

आपल्याकडे

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगाव. महाराष्ट्रात त्या साथीत वीसच्या आसपास मुले गेली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यभर गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम होऊन गेली होती, म्हणजे राज्याच्या सरासरीत आपण सुरक्षित होतो. गोवंडीच्या गल्लीत नव्हतो. कोविडच्या काळात राहिलेले डोस त्या वस्त्यांत साठत गेले आणि ते राज्याच्या टक्केवारीत दिसले नाहीत. कानागावाच्या आकड्यांनी जपानला जे शिकवले, तेच गोवंडीने आपल्याला शिकवले. फरक एवढाच की आपण ते मुले गेल्यावर शिकलो.

आपल्याकडेही आता ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण कळवायची पद्धत आहे. आशाताई, परिचारिका, पालिकेचे वॉर्ड अधिकारी हे काम करतात, आणि साथीत त्यांनी घरोघर फिरून जिवापाड मेहनत घेतली. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यांत. चार आठवड्यांत पाच संशयित रुग्ण हा उद्रेकाचा ढोबळ निकष आपण वापरला. जपान पहिल्याच रुग्णावर उठतो. आपली लोकसंख्या आणि प्रयोगशाळांवरचा भार पाहता उद्यापासून तसे जमणार नाही हे मान्य. पण ज्या जिल्ह्यांत रुग्ण क्वचित सापडतात तिथे एका रुग्णावर धाव घेणे आजही शक्य आहे, आणि ओकिनावाप्रमाणे सुरुवात अशाच ठिकाणाहून होते.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात पहिला डोस नवव्या महिन्यात आणि दुसरा दीड वर्षाच्या सुमारास मिळतो. जपानचे वेळापत्रक एक वर्षानंतर सुरू होते. बाळाचे लसीकरणाचे कार्ड जपून न्यावे, तिथल्या पालिकेतून मिळणाऱ्या माता-बाल पुस्तिकेत त्या तारखा नोंदवून घ्याव्यात आणि वर्षाच्या आतला डोस धरायचा की नाही हे डॉक्टरांना विचारावे. सुट्टीत भारतात येण्याआधी मोठ्यांनीही आपले दोन डोस झाले आहेत का ते पाहावे.

भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी 2023 हे वर्ष ठरवले होते. ते हुकले, आता 2026 चे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर महाराष्ट्राने दर आठवड्याला जिल्हावार आणि मोठ्या शहरांत वॉर्डवार तक्ता लोकांसमोर ठेवायला हवा: संशयित किती, पक्के किती, तपासून ‘नाही’ निघालेले किती, आणि पक्क्या रुग्णांपैकी लस झालेले किती. हा तक्ता साथ आल्यावर काढून उपयोग नाही. साथ नसताना, शून्य असतानाही तो दर आठवड्याला आला पाहिजे, म्हणजे कोणता वॉर्ड गप्प आहे हे आधीच दिसेल. माहिती आपल्या यंत्रणेकडे येते. ती पालकांपर्यंत, पत्रकारांपर्यंत आणि गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. ओकिनावाने वाट पाहिली नाही, आणि पुढे अख्खा देश त्याच्या मागून गेला.